पहिल्या रांगेतली खुर्ची

४ जून

पोरी,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं चष्मा दगा देतोय. दुसऱ्यांदा कळलं चष्मा ठीक आहे, तूच बिघडलीस.

"मावशी, मला मोठं काम मिळालं" इथपर्यंत बरं होतं. मशीन थांबवून मी धुलाईतल्या बायकांना सांगायलाही निघाले होते. मग पुढची ओळ वाचली आणि कागद खिशात कोंबला. त्याचंच नाटक मिळालं तुला? बाकीचे नाटकं लिहिणारे काय संपावर गेलेत?

तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण सध्या तुझ्या डोक्यात टाळ्या वाजतायत. हा तोच माणूस, ज्याने मैदानात उभं राहून सांगितलं की कालव्यापलीकडची माणसं म्हणजे शहराला लागलेली वाळवी. आपण कालव्यापलीकडचे. म्हणजे वाळवी कोण? तू, मी आणि तुझी आई. त्या भाषणानंतर इस्पितळाच्या फाटकावर त्याच्या मागे फिरणारी पोरं उभी राहायला लागली. आत जाणाऱ्याला पत्ता विचारायची. कालव्याच्या त्या बाजूचा निघाला की माघारी. तुझी आई पोट धरून तिथे उभी होती. तिने पत्ता खरा सांगितला, तिला खोटं बोलायला कधी जमलंच नाही. माघारी आली. घरी तू झालीस. तू राहिलीस, ती गेली.

आता मी त्याच इस्पितळाच्या चादरी धुते. रोज त्याच फाटकातून आत जाते. मला विसरायची सोय नाही. तुला आहे असं दिसतंय. त्याचे शब्द तोंडात धरून तू दिव्याच्या उजेडात उभी राहणार आणि लोक तिकीट काढून बघणार. वा!

फोन करू नकोस. मशिनींनी माझा एक कान खाल्लाय, दुसऱ्याला तोंड लावलंय. फोनवर मला नुसतं कुईं ऐकू येतं आणि तू समजतेस मी रागाने गप्प आहे. काय ते लिही. आणि नीट लिही, पुस्तकातलं नको.

मावशी

१५ जून

प्रिय मावशी,

तू चिडणार हे ठाऊक होतं, म्हणूनच ते पत्र बॅगेत घालून मी बरेच दिवस फिरत होते.

मी काही विसरलेले नाही. नाटक कोणाचं आहे हे कळलं तेव्हा मी दिग्दर्शकांकडे नाही म्हणायलाच गेले होते. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "आधी वाच. मग नाही म्हण." मी तिथेच जिन्यावर बसून वाचलं. आणि नाही म्हणता येईना.

तुला सांगते काय आहे ते. बाहेर वादळ आहे. एका बाईच्या दारावर कोणीतरी थाप मारतं, आत घ्या म्हणतं. ती घेत नाही. दोन तास ती त्या बंद दाराशी बोलते. घरात आजारी माणूस आहे असं खोटंच सांगते, शिव्या घालते, मध्येच बाहेरच्याची विचारपूस करते, परत चिडते. बाहेरचा आवाज बारीक बारीक होत जातो. शेवटी ती कडी काढते. बस. रंगमंचावर मी एकटी. मावशी, बाईला असं काम आयुष्यात एकदा मिळतं. बहुतेकींना तेही मिळत नाही.

त्याने हे तरुणपणी लिहिलंय. मैदानातला माणूस खूप नंतरचा, आणि आता तोही मेलाय. लिहिलेलं आणि लिहिणारा वेगळे करता येतात. करावेच लागतात, नाहीतर वाचायला काही उरणार नाही. तूही तेच करतेस की. चादरीवर डाग पडला म्हणून तू चादर फेकत नाहीस, डाग काढतेस.

आणि आता रागाव हवं तर. मामाचं काय? गल्लीत ते नवीन लोक राहायला आलेत, त्यांच्याबद्दल मामा रविवारी जेवायला बसल्यावर जे बोलतो, ते मैदानातल्या भाषणाहून वेगळं आहे? "घाण करतात, हाकला यांना." तू त्याला गप्प करत नाहीस. त्याचं ताट भरतेस.

तुझी

२४ जून

पोरी,

आधी मामाचं.

तुझं पत्र वाचून रविवारी मी त्याला विचारलं, "काय रे, तू फाटकावरच्या त्या पोरांतला आहेस का?" तोंडात घास होता. म्हणाला, "त्याचा इथे काय संबंध? आपलं वेगळं होतं." मी ताट उचललं. "अगं, माझं जेवण!" म्हणून ओरडायला लागला. मी म्हटलं, "तुझं वेगळं आहे, बाहेर उभ्याने जेव." तेव्हापासून फिरकला नाही. घरात शांतता आहे. तू लगेच हुरळून जाऊ नकोस, तू बरोबर होतीस म्हणून तुझं बाकीचं बरोबर होत नाही.

आता चादरी. माझ्या चादरी मध्ये आणायच्या नाहीत. तुम्हा शिकलेल्यांचं गाडं कुठे अडलं की तुम्ही गरिबाच्या कामाची उपमा शोधत येता. चादर मैदानात भाषण करत नाही. चादरीमुळे माझी बहीण मेली नाही. चादर ती चादर.

वेगळं करायचं म्हणे. कोणी करायचं? बहीण माझी गेली, पोर मी वाढवली, आणि आता बसून त्याच्यातला चांगला भाग निवडायचा तोही मीच? त्याने केली होती का ही मेहनत? वाळवी म्हणताना त्याने कोणाला कोणापासून वेगळं केलं? सरसकट धरलं. मग मीही सरसकट धरते.

आणि तुझा तो दिग्दर्शक. वाद घातला नाही म्हणून तुला तो थोर वाटला. बोका कधी वाद घालतो का? दुधाजवळ नुसता डोळे मिटून बसतो.

तू कर नाटक. मोठी झालीस, तुझं तोंड, तुझं पोट. तुला अडवायला मी काही इस्पितळाचं फाटक नाही. पण मला बोलावू नकोस. माझ्याकडून त्याला टाळी नाही.

मावशी

२ ऑगस्ट

प्रिय मावशी,

प्रयोग सुरू झाले. मी स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण चांगलं चाललंय. परवा एक म्हातारा विंगेत येऊन नुसता उभा राहिला, माझ्याकडे बघून गेला.

वीस तारखेला तुमच्याकडे प्रयोग आहे. सोबत तिकीट पाठवलंय. बोलावू नकोस म्हणाली होतीस, म्हणून बोलावत नाही. फक्त पाठवतेय. फाडून टाकायचं तर टाक. पण आईच्या बाजूचं कोणीतरी त्या नाट्यगृहात असावं असं मला वाटतं. एकाने तरी मला सांगावं की मी करतेय ते काय आहे. थुंकायचं असेल तर थुंक, पण बघून थुंक.

जागा शेवटच्या रांगेत आहे. तिथून सगळा रंगमंच एका नजरेत येतो. एक कर, पडदा पडला की लगेच नीघ. नंतर फार रेटारेटी होते, तुझे गुडघे आहेत, आणि बसही असते. मला भेटायला थांबू नकोस. मी दुसऱ्या दिवशी सकाळी घरीच येईन, निवांत बोलू.

तुझी

२१ ऑगस्ट

पोरी,

तू सकाळी येणार होतीस. मी रजा टाकली होती. दुपारपर्यंत आली नाहीस. आता येत नाहीस हे समजून लिहायला बसले.

मी थुंकायलाच गेले होते. घरून ठरवून. चांगले कपडे घातले ते त्याच्यासाठी नाही, तुझी मावशी गबाळी दिसू नये म्हणून. शेवटच्या रांगेत बसले. दिवे गेले, तू आलीस, तुझं तोंड हलायला लागलं. मला एक अक्षर ऐकू येईना. नुसती मासोळीसारखी उघडझाप. आता तू माझा कान ओळखतेस. तूच तो डॉक्टरला दाखवलास. मग मला शेवटची रांग कशी दिलीस, हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं.

मी उठले आणि अंधारात पुढे चालत गेले. कोणाच्या पायावर पाय पडले असतील, पडू देत. पहिली रांग गच्च भरलेली आणि बरोबर मधोमध एक खुर्ची रिकामी. या हातापासून त्या हातापर्यंत रिबीन बांधलेली. मला वाटलं मोडकी असेल. हलवून बघितली, ठणठणीत. रिबीन सोडली, घडी घालून पर्समध्ये टाकली, चांगली सॅटिनची होती. बसले. बाजूला एक अत्तर लावलेला माणूस. तो माझ्याकडे वाकून तोंड हलवायला लागला. मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही, नाटक बघू द्या." त्याने इकडे तिकडे बघितलं आणि नाद सोडला.

आता पुढचं एकदाच लिहिते, परत विचारू नकोस. नाटक चांगलं आहे. नुसतं चांगलं नाही, फार चांगलं आहे. हरामखोराने लिहिलंय.

ती बाई "घरात जागा नाही" म्हणत असते आणि बोलता बोलता अंथरुणावरची उशी सरकवून जागा करते, तेव्हा मी सरळ होऊन बसले. मग तू पाणी उकळायला ठेवलंस. दोन कप काढलेस. थोडा वेळ दोघांकडे बघितलंस आणि एक परत ठेवलास. आणि ठेवताना आवाज होऊ नये म्हणून खाली बोट धरलंस. बाहेरच्याला कप ठेवल्याचा आवाज जाऊ नये म्हणून. तिथे माझं संपलं. मी रडायला लागले. साधं नाही, नाक वाहेपर्यंत. अत्तरवाल्याने रुमाल दिला. घेतला. परत दिला नाही.

आणि मग मला जो राग आला, तो तुझ्या आईच्या वेळीही आला नव्हता.

त्याला माहीत होतं. दाराच्या आत उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय काय चालतं, बाहेरचं माणूस कसं हळूहळू गप्प होतं, किती उशीर म्हणजे फार उशीर, सगळं बारीक सारीक माहीत होतं. माझा भाऊ मूर्ख आहे, त्याला काही कळत नाही. फाटकावरची ती पोरं मूर्ख होती, कोणी उभं राहा म्हटलं, राहिली. हा मूर्ख नव्हता. ज्याला कपाचा आवाज कळतो तो माणूस मैदानात जाऊन वाळवी म्हणतो? तू म्हणतेस त्याने ते आधी लिहिलं. म्हणजे माहीत असून केलं. तो अडाणी असता तर मी एखादे दिवशी सोडूनही दिलं असतं. तुला वाटतं हे नाटक त्याला वाचवतं. पोरी, या नाटकानेच तो मला पुरता दाखवला. इतके दिवस मी त्याला नुसती शिवी देत होते. आता ओळखून देते.

इथपर्यंतही ठीक होतं. तुझ्यावर राग नव्हता. खरं तर तू काय केलंस ते तुला सांगायचं होतं.

दिवे लागले. सगळे उभे राहिले. तू पायऱ्या उतरून खाली आलीस, सरळ माझ्याकडे. मला वाटलं मला बघितलंस म्हणून धावत आलीस. मी हातही पुढे केला. तू म्हणालीस, "मावशी, ऊठ." ऐकू आलं नाही, ओठांवर वाचलं. मला वाटलं गळ्यात पडणार. उठले. आणि तू माझ्या बाजूने त्या रिकाम्या खुर्चीपुढे कमरेत वाकलीस. डोकं गुडघ्याला लागेल इतकी. सगळं नाट्यगृह टाळ्या वाजवतंय, आणि मी बाजूला उभी, हातात परक्याचा ओला रुमाल.

अत्तरवाल्याला विचारलं, हे काय? तो माझ्या बऱ्या कानात ओरडला, "ही सरांची खुर्ची. कायम राखीव असते."

मेलेल्याला पहिली रांग आणि मला शेवटची. पडदा पडला की लगेच नीघ, गुडघे आहेत, बस आहे. वा गं माझी काळजीवाहू!

एकच विचारते. वेगळं केलंय म्हणाली होतीस ना? मग ती खुर्ची कोणाची होती? नाटक काही खुर्चीत बसत नाही. माणूस बसतो. तुम्ही लोक त्याला वेगळा काढता तो फक्त माझ्यासारखीने तोंड उघडलं की. बाकी वेळ त्याच्यासाठी जागा धरून ठेवता.

मावशी

३० ऑगस्ट

मावशी,

मी तुला मागे बसवलं ते तुला दिसू नये म्हणूनच. लगेच नीघ म्हणाले तेही म्हणूनच. सकाळी आले नाही, कारण तोंड दाखवायची लाज वाटली. तुझा हात मला दिसला होता. दिसला नाही असं मी स्वतःला सांगून बघितलं, जमलं नाही.

खुर्चीचं सांगते, सुटका म्हणून नाही, तुला कळावं म्हणून. नाटकाचे हक्क त्याच्या घरच्यांकडे आहेत. ते परवानगी देतात ती एका अटीवर. पहिल्या रांगेत मधली खुर्ची रिकामी ठेवायची आणि शेवटी नटीने तिच्यापुढे वाकायचं. प्रत्येक प्रयोगाला त्यांचा माणूस येतो आणि बघतो. ते अत्तर त्याचंच. रुमालही.

मी वाकताना त्याचा विचार करत नाही, मावशी. कोणाचाच करत नाही. कमरेचा व्यायाम समजते. आमच्यातले सगळे तेच म्हणतात, दोन मिनिटांची गोष्ट, वाक आणि मोकळी हो.

पण तुला उठवल्यापासून ते जमेनासं झालंय. मी ठरवलंय, दौऱ्याचा हा टप्पा संपला की काम सोडते. तू पहिल्या पत्रात म्हणालीस तेच खरं. त्याचं नाटक घ्यायलाच नको होतं. तुझ्याकडे येते आणि काही दिवस नुसती झोपते.

तुझी

६ सप्टेंबर

पोरी,

तुला सोडायला कोणी सांगितलं? मी एवढी चार पानं लिहिली त्यातलं तुला अर्धंच ऐकू आलं. बहिरी मी आहे की तू?

पहिल्या पत्रात मी म्हणाले होते. तेव्हा बघितलं नव्हतं. आता बघितलंय. ते कपाखाली धरलेलं बोट त्याने लिहिलंय का? मला नाही वाटत. त्याच्या कागदावर "बाई कप परत ठेवते" एवढंच असणार. बोट तुझं आहे. ते तू त्या अत्तरवाल्यांच्या घरात ठेवून येणार आणि इथे माझ्या डोक्यावर मिरे वाटत झोपणार? अजिबात यायचं नाही. दार उघडणार नाही, सांगून ठेवते.

काम कर. वाकू नकोस. एवढी साधी गोष्ट तुम्हा शिकलेल्यांना कशी सुचत नाही? तूच म्हणालीस वेगळं करता येतं. मग कर. नाटक संपलं की तुझं काम संपलं, खुर्ची त्यांची, त्यांच्या घरी नेऊन ठेवा म्हणावं.

कमरेचा व्यायाम! तुझ्या आईला फाटकावर एक खोटा पत्ता सांगायचा होता. एक शब्द. तोही तोंडाचा व्यायामच होता. मी तिच्या शेजारी उभी होते, कोपराने ढोसत होते, सांग गं कुठलाही, सांग. तिने नाही सांगितला. मी कित्येक वर्षं तिला मूर्ख म्हणत आले आणि अजूनही म्हणते. पण तिच्या पोरीने वाकायला व्यायाम म्हणावं हे मला चालणार नाही.

काढतील? काढू देत. त्यांनी काढणं निराळं आणि तू शेपूट घालून येणं निराळं.

मावशी

९ ऑक्टोबर

मावशी,

वाकले नाही. तीन आठवडे झाले त्याला.

पायऱ्या उतरले, खुर्चीपुढे गेले, आणि ताठ उभी राहिले. भाषण ठोकायचं माझ्या मनातही नव्हतं. लोक आधी टाळ्या वाजवत होते, मग टाळ्या विरळ झाल्या, मग थांबल्या. कोणाला तरी वाटलं मला चक्कर येतेय, त्याने पाणी पुढे केलं. विंगेतून "वाक! अगं वाक!" ऐकू येत होतं. शेवटी दिग्दर्शक स्वतः धावत खाली आले आणि माझ्याऐवजी वाकले. वाकताना त्यांच्या कोटाची पाठीवरची शिवण टर्रकन उसवली. मला हसू आलं, मावशी. मोठ्याने. वाकले नाही ते कदाचित मिटवलं असतं, हसले ते नाही मिटलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. नवी मुलगी त्याच दिवसापासून तालमीला आली. माझे कपडे तिच्या मापाचे करायला घेतले, मी तिथे असतानाच.

इथल्या बाकीच्या नाटक कंपन्यांनाही कळलंय. कोणी वाईट बोलत नाही. सगळे खांद्यावर हात ठेवतात आणि काम देत नाहीत. सध्या मी लिफ्टवाल्यांसाठी आवाज देतेय. "दार बंद होत आहे. कृपया दारापासून दूर उभे राहा." दोन प्रकारे म्हणून दाखवलं, एक प्रेमळ आणि एक ठाम. त्यांना प्रेमळ आवडलं.

तू म्हणालीस तसं केलं. पश्चात्ताप नाही, पण आनंदही होत नाहीये, आणि तो व्हायला हवा होता ना? मला खरं सांग. तुला मी हवी होते की तुला बदला हवा होता? कारण तसं नाटक माझ्यासाठी परत कोणी लिहिणार नाही. ज्याने लिहिलं तो तसा होता, आणि जे चांगले आहेत त्यांनी लिहिलेलं मी वाचतेय. मावशी, फार वाईट लिहितात गं.

तुझी

१७ नोव्हेंबर

पोरी,

उत्तराला उशीर झाला. तू विचारलंस त्याचं उत्तर तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं.

बदला म्हणतेस. मेलेल्याचा कसला बदला? त्याचा केस वाकडा झाला नाही. वाकडं झालं ते तुझं. हे मला दिसतं. तू कर म्हणून मी सांगितलं, परत सांगायची वेळ आली तर परत तेच सांगेन, आणि तरी तू लिफ्टमध्ये बोलतेस हे मला खपत नाही. दोन्ही एकदम होतं. त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही, तुला कळलं तर कळव. आमच्या इस्पितळात नवी लिफ्ट बसवतायत. त्यात तुझा आवाज निघाला तर मी या गुडघ्यांनी जिना चढेन.

रविवारी ते लोक परत आले होते, नाटक घेऊन. मी माझं तिकीट काढलं. तिसरी रांग. मामालाही नेला. तो परत यायला लागलाय, हल्ली जेवताना तोंड फक्त जेवायला उघडतो.

नवी पोरगी बघितली. पाट्या टाकते. दाराशी बोलते ते दुकानात चौकशी केल्यासारखं. उशी सरकवते तेव्हा अंथरूण आवरत असल्यासारखी सरकवते. कप परत ठेवला तो खाडकन. बाहेरच्या माणसालाच काय, रस्त्यावर ऐकू गेला असेल. मी माझ्याच मांडीवर चापट मारली. पुढची बाई वळून बघायला लागली, तिला म्हटलं, "तुम्ही पुढे बघा, चुकीचं असलं तरी."

आणि ऐक, तरीही मामा रडला. त्या पोरीच्या तसल्या कामावरही ढसाढसा रडला, इतकं ते नाटक पक्कं बांधलेलं आहे. म्हणाला, "त्या बाईने आधीच उघडायला हवं होतं गं." मी म्हटलं, बरं झालं, याच्या डोक्यात काहीतरी शिरलं. नंतर बसच्या रांगेत आपल्या गल्लीतला त्या नव्या लोकांतला एक पुढे उभा होता. मामाने रुमालाने डोळे पुसले, रुमाल खिशात ठेवला, आणि त्याला म्हणाला, "ए, मागे हो." मी मामाची कॉलर धरून त्यालाच मागे उभा केला. पण बघ तू. एवढं थोर नाटक आणि त्याचा असर नाट्यगृहाच्या दारापासून बसच्या रांगेपर्यंत. लिहिणाऱ्यावरच झाला नाही तर मामावर काय होणार?

म्हणून तुला सांगते. ते परत कोणी लिहिणार नाही हे खरं आहे. मला खोटं सांगून तुझी समजूत काढता येत नाही, आणि वाईट लिहिणाऱ्या चांगल्या माणसांना तुझ्या गळ्यात मारायचं नाही. शोध. कुठेतरी असेल एखादा. नीच निघाला तरी मला कळव, आधी नाटक बघू. पण काम घ्यायच्या आधी खुर्चीचं विचारून घेत जा.

राहिलं एक. नाटक संपल्यावर ती पोरगी खाली उतरली आणि वाकली. काय वाकते, पोरी! दोन तासांत तिला जे जमलं नाही ते तिथे जमलं. हळूच, सगळ्या अंगाने, मान शेवटी. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. तिला त्याच्यासाठीच घेतली असणार. नाटक काय, वाकायच्या आधी काहीतरी दाखवावं लागतं म्हणून दाखवतात.

सगळं नाट्यगृह उठून उभं राहिलं. मामाही उठला. मी नाही उठले. माझ्या पुढे सगळ्यांच्या पाठी, आणि त्या पाठींच्या फटीतून मला ती खुर्ची दिसत होती, नवी रिबीन बांधलेली. एवढ्या मोठ्या नाट्यगृहात बसलेले आम्ही दोघंच. तो आणि मी. मी त्याच्याकडे बघत राहिले, टाळ्या संपेपर्यंत. मग लोक निघाले, मीही निघाले. मला सकाळी कामावर जायचं होतं. त्याला काय काम?

मावशी